हळदीचं टोक

श्रावणातल्या शेवटच्या सोमवारी शालनने उजाडायच्या आत अंघोळ उरकली, तुळशीला पाणी घातलं, सून आणि नवऱ्यासाठी भाकऱ्या थापल्या, त्यातली पहिली गायीसाठी बाजूला ठेवली आणि देवळीतला पितळी करंडा न उघडताच पदराच्या गाठीत बांधून घेतला. करंडा उघडायचा तो पिंडीसमोरच, हा तिचा नेम होता. साडेतीन वर्षांत एकाही सोमवारी तो चुकला नव्हता. अंगात ताप होता तेव्हा नाही, आमेरचा रस्ता पावसाने वाहून गेला तेव्हाही नाही.

करंड्यात एक दोरा होता. लाल-पिवळ्या सुताचा, मनगटाला बांधतात तसला. जयपुरात त्याला मोली म्हणतात. आमेरच्या पलीकडे दीड कोसावर डोंगरात बूँदखोह नावाची गुहा आहे. तिथे आत, छतावरून ठिबकणाऱ्या पाण्याखाली, दगडाची एक पिंडी आपोआप उभी राहिली आहे. कुणी घडवली नाही, कुणी बसवली नाही. ती तिळातिळाने वाढते, असं तिथले लोक सांगतात. नवस बोलायचा तर पुजारी पिंडीभोवती मोली गुंडाळतो, दोन टोकं जिथे भेटतात तिथे कापतो आणि दोरा तुमच्या हातात देतो. मग पुन्हा पुन्हा येऊन तो गुंडाळून बघायचा. ज्या दिवशी टोकं भेटणार नाहीत, त्या दिवशी समजायचं, पिंडी वाढली, देवाने ऐकलं.

शालनने दोरा घेतला तो जयंतसाठी. जयंत तिचा एकुलता एक. चीनच्या लढाईत वर बर्फात होता. बासष्टच्या दिवाळीनंतर तार आली, ‘बेपत्ता’. मेला नाही, जखमी नाही, बेपत्ता. त्या शब्दात शालनने संसार मांडला. पुढच्या महाशिवरात्रीला ती बूँदखोहला गेली, दोरा घेतला आणि घरी येऊन त्याच्या दोन्ही टोकांना बारीक गाठी मारून त्या हळदीत बुडवून वाळवल्या, सूत उसवून माप बदलायला नको म्हणून. देवाशी व्यवहार चोख हवा, असं तिचं म्हणणं.

नवरा आनंदराव फौजेतून सुभेदार म्हणून निवृत्त झाला. सगळे म्हणाले, आता साताऱ्याला चला. शालन जयपुरातल्या चांदपोलच्या घरातून हलली नाही. “पोराच्या खिशात चांदपोलचा पत्ता हाय,” ती म्हणाली. “आला आन् घराला कुलूप दिसलं तर?” मग आनंदरावाने सांगानेरला कागदाच्या कारखान्यात पहाऱ्याची नोकरी धरली आणि रोज सायकल मारत जाऊ लागला. घरात सून होती, रमा. लग्न झालं तेव्हा एकोणीस वर्षांची, नवऱ्याजवळ राहिली ती सगळी मिळून छत्तीस दिवस.

त्या श्रावणाआधीच्या चैत्रात सरकारी कागद आला. जयंतला मृत समजण्यात येत आहे. बायकोने आणि आईवडिलांनी मान्य असल्याची सही करून पाठवावं. सोबत आणखी एक कागद होता. लढाईत गेलेल्यांच्या विधवांना पुण्याला नर्सिंग शिकायला जागा होती. रमा सातवी पास होती, हुशार होती. पण विधवा व्हायला सही लागत होती.

“मी न्हाई करनार,” शालन म्हणाली. “देव न्हाई म्हनंल तवा करीन.”

“देव कवा म्हनंल?” आनंदरावाने विचारलं.

“श्रावन सरूं द्या. यंदा अधिक बी हाय, दोन श्रावन मिळालेत देवाला. शेवटच्या सोमवारी दोरा पुरला, तर मी आंगठा देते, सही देते, काय म्हनशीला ते देते. आन् न्हाई पुरला तर ह्यो कागद चुलीत.”

रमा दाराआड उभी राहून ऐकत होती.

आता राहिला नंदकिशोर. समोरच्या खोलीत राहणारा हा नागपूरचा मुलगा केंद्र सरकारच्या खनिज खात्यात होता. रानोमाळ हिंडून दगड फोडायचे आणि त्यांची नावं लिहायची, ही त्याची नोकरी. आठ वर्षं महाराष्ट्राबाहेर काढल्याने त्याच्या मराठीत ‘मतलब’ फार झाला होता. आठवड्यापूर्वी शालन अंगणात अंघोळीचा बंब उघडून बसली होती, तेव्हा तो दात घासत बाहेर आला.

“काकू, सकाळी सकाळी कुणाशी भांडताय?”

“ह्या गावच्या पान्याशी. म्हैन्याला बोटभर खडू धरतोय बंबाला. चिंच चोळून चोळून बोटं सोलली.”

त्याने पडलेली एक पांढरी खपली उचलली, आतून आम्लाची छोटी बाटली आणून तिच्यावर एक थेंब सोडला. खपली फसफसली. “रागावणार नसाल तर सांगतो. तुमची बूँदखोहची पिंडी आणि ही खपली सख्ख्या बहिणी आहेत.”

“तोंड आवरा, साहेब. सकाळची येळ हाय.”

“अहो, बंबाला नमस्कार करा असं कुठे म्हणतोय!” तो हसला, पण मग उकिडवा बसून नीट सांगू लागला. शिकवायची त्याला आवडच होती. “पावसाचं पाणी माती-पाल्यातून झिरपतं तेव्हा जरासं आंबूस होतं. तुमच्या चिंचेसारखं, पण अगदी कणभर. मतलब ते डोंगरातला चुन्याचा दगड विरघळवत विरघळवत खाली येतं. गुहेच्या छताला थेंब लोंबतो, हवा लागते, की पोटातला चुना तो तिथेच ठेवून देतो. थोडा वर, थोडा खाली पडल्यावर. वरचे सुळे तेच, खालची पिंडी तीच. बंबात आग आहे म्हणून महिन्यात होतं. तिथे आग नाही.”

“मग तिथं किती दिसांत वाढती?”

“दिसांत?” त्याने चूळ भरली. “तुमचं माझं आयुष्य जोडलं आणि नखाएवढी वाढली, तरी पुष्कळ.”

शालनने चिंचेचा गोळा बंबावर आपटला. “देवाचं काम तुमच्या बाटलीत मावायचं न्हाई. तुमच्याजवळ मापायचं काय असंल ते घिऊन चला माझ्यासंगं सोमवारी. पुजारी तुमच्यासारख्या हातोडीवाल्याला आत घेत न्हाई, मी हाय म्हनून घेईल. बघू कुनाचं खरं.”

असे ते तिघे त्या सोमवारी निघाले. शालन, रमा आणि खांद्याला झोळी लावलेला नंदकिशोर. आनंदराव उंबऱ्यात उभा होता. त्या दिवशी त्याने रजा घेतली होती. “जपून जावा,” एवढंच म्हणाला.

आमेरला बस सोडून पुढे पायवाट होती. डोंगराच्या पायथ्याशी चुन्याची भट्टी धुमसत होती. तेच डोंगरातले धोंडे भाजून चुना करायचे, तोच शहरात भिंतींना लागायचा, पानात जायचा. शालन एरवी तिथून जाताना नाकाला पदर लावी. त्या दिवशी ती थांबली आणि भट्टीकडे बघत राहिली.

“हा बी त्योच दगड?”

“तोच,” नंदकिशोर म्हणाला. रमाने त्याच्याकडे असं पाहिलं, की तो पुढे चालू लागला.

बूँदखोहला माणूस नव्हतं. इथल्या लोकांचा सावन पौर्णिमेलाच संपतो. आपला श्रावण अमावास्येपर्यंत चालतो. त्यामुळे दर वर्षी श्रावणाचे शेवटचे सोमवार शालनला देव एकटीला मिळत. म्हातारा पुजारी दगडावर सावलीला बसला होता. “आओ माँजी,” म्हणत उठला, आणि झोळीकडे बघून कपाळाला आठ्या घातल्या. “ये कौन?”

“मेरा भतीजा है,” शालन म्हणाली. आयुष्यात तिने खोटं असं फारसं बोललेलं नव्हतं. “हातोड़ी नहीं मारेगा.”

वाकून आत शिरायचं, वीसेक पावलं रांगत गेल्यासारखं जायचं, मग एकदम छत वर जातं. बाहेरचा उकाडा दारातच राहतो. वटवाघळांचा उग्र वास, आणि त्यामागे ओल्या मातीचा थंडगार वास. पुजाऱ्याने कंदील उंच धरला. छताला गायीच्या सडांसारखे दगड लोंबत होते, प्रत्येकाच्या टोकाला एकेक थेंब. कुठे छताचा आणि जमिनीचा दगड एकमेकांना भेटून खांब झाला होता. एका बाजूला दगडाची झालर होती, वाळत घातलेल्या लुगड्यासारखी, आणि तिच्यातून कंदिलाचा उजेड तांबूस दिसत होता. टप्. मग बराच वेळ काही नाही. मग टप्.

साडेतीन वर्षं शालन इथे येत होती, पण तिने पिंडीखेरीज काही पाहिलं नव्हतं. आज नंदकिशोर विजेरी फिरवत हळू आवाजात सांगत होता आणि ती पाहत होती. “हा बारीक नळीसारखा आहे ना काकू, आतून पोकळ असतो. थेंब त्यातूनच उतरतो. आणि हा खांब. हे दोघं भेटेपर्यंत वर किती राज्यं आली आणि गेली असतील.”

“एवढी सबूर,” रमा पुटपुटली. सकाळपासूनचं तिचं ते पहिलं वाक्य.

पिंडीपाशी आल्यावर नंदकिशोर गुडघ्यावर बसला. पिंडी कमरेच्या खाली येईल एवढी, पिवळसर, गुळगुळीत, चकचकीत. त्याने विजेरी तिच्या मागे नेली. तिथे भिंतीशी आणखी एक दगड होता, वीतभर, कुणी न पुजलेला. पांढराशुभ्र, खरखरीत, साखर सांडल्यासारखा चमकणारा. त्यावर थेंब पडला की पसरायचा, मुरायचा. पिंडीवर थेंब पडला की त्याचा मणी व्हायचा आणि घरंगळून जायचा.

“बाबा इसपे क्या लगाते हैं?” त्याने विचारलं.

उत्तर शालनने दिलं. “तूप. बाकीची लोकं सावनात लावत्यात. मी दर सोमवारी लावते. घरी कढवलेलं. हातानं, वरपास्न खालपातुर.”

नंदकिशोरने विजेरी बंद केली.

“सांगा की,” शालन म्हणाली.

“काही नाही, काकू.”

“मी इचारतीया तर सांगा.”

“पाण्याला दगड लागायला हवा,” तो अडखळत म्हणाला. “मध्ये तूप आलं तर… चुना धरत नाही. मतलब, तूप नसतं तरी साडेतीन वर्षांत डोळ्याला दिसण्यासारखं काही झालं नसतं. तुमचा काही दोष नाही यात.”

“दोष म्हनलं का कुनी?”

ती त्या मण्यांकडे बघत राहिली. तेलाचा हात लागलेल्या तांब्याला खडू धरत नाही, हे तिला कुणी सांगायची गरज नव्हती. बंबाच्या ज्या कडेला एकदा तेलाचा बुधला सांडला होता, तिथे महिनाभर खपली आली नव्हती, हे तिनेच शेजारणीला कौतुकाने सांगितलं होतं. दर सोमवारी ती देवाला म्हणत होती, वाढ, आणि दर सोमवारी आपल्याच हाताने त्याची वाट बंद करत होती. घरातल्या दोघांच्या जेवणातलं तूप काढून. हे तिला दुसऱ्या कुणी केलेलं समजलं असतं, तर तिने त्याला शिव्या तरी दिल्या असत्या.

“धागा, माँजी?” पुजाऱ्याने आठवण केली.

तिने गाठ सोडली, करंडा उघडला, आणि सवयीने दोरा पुजाऱ्याच्या हातात दिला. पुजाऱ्याने पिंडीच्या ठरलेल्या खाचेतून तो फिरवला, ओढला, पुन्हा ओढला. मग त्याचे हात थांबले. दोन टोकांच्या मध्ये दगड दिसत होता. एक बोट रुंद दगड.

“सुनवाई हो गई!” म्हातारा ओरडला. “माँजी, सुनवाई हो गई!” आणि त्याने टांगलेली घंटा धरून अशी बडवली, की छताचे सगळे सुळे वाजल्यासारखे झाले.

शालन तिथेच ओल्या दगडावर बसली. तेवढ्या वेळात, घंटा वाजत होती तेवढ्या वेळात, जयंत आला होता. चांदपोलच्या दारात उभा होता, वाळलेला, दाढी वाढलेला, जोडे काढत होता. तिने त्याला “आधी पानी घे” म्हटलंसुद्धा.

मग घंटा थांबली, आणि पिंडीवरून एक मणी घरंगळत खाली गेला.

तो मणी तिने पाहिला नसता, तर. नंदकिशोर आजच्या ऐवजी पुढल्या सोमवारी आला असता, तर. शालनच्या मनात हे इतकं लख्ख आलं, की तिला स्वतःची भीती वाटली. तिने कंदील ओढून घेतला आणि दोऱ्याची टोकं बोटात धरली. एका टोकाला गाठ होती, हळदीने पिवळी, वाळून खडा झालेली. दुसऱ्या टोकाला गाठ नव्हती. सूत लालभडक होतं, सरळ तुटलेलं.

नंदकिशोर वटवाघळांकडे बघत उभा राहिला. त्याला कळलं असावं.

“रमा,” शालन म्हणाली, “कात्रीनं कापलंस, का इळीनं?”

रमा झालरीच्या दगडाला टेकून उभी होती. “कात्रीनं, आत्या.”

“कवा?”

“शुक्रवारी. तुमी देवळात गेल्यावर.”

“तुला तर पुन्याला जायाचं हुतं.”

“जायाचं हाय.” रमाचा आवाज फुटला. “लई जायाचं हाय. पन सही केली की त्यास्नी मीच मारलं असं हुतंय. वाटलं, देवानंच म्हनावं येतोय म्हनून. मग कागद जाईल चुलीत, आन् बसू दोघी अशाच. बसायची सवं झालीया आता.”

“आन् हे खोटं हाय, ह्ये तुला ठाव हुतं.”

“ठाव हुतं की. मीच कापलेलं.” तिने पदराने नाक पुसलं. “पन बाबांनी घंटा वाजिवली ना आत्या, तवा मला बी खरं वाटलं.”

पुजाऱ्याला यातलं काही कळलं नव्हतं. तो हसत हसत बत्ताशाचा डबा शोधत होता. शालन उठली. “बाबा,” ती आपल्या मोडक्या हिंदीत म्हणाली, “घंटा मत बजाओ. धागा कटा हुआ है.”

“माँजी, भगवान के घर में…”

“कटा है,” ती म्हणाली. “मैंने देखा.”

मग तिने कुणाला न विचारता पुजाऱ्याच्या धुनीतली मूठभर राख घेतली आणि पिंडी घासायला लागली. भांडी घासतात तशी, जोर लावून, तोंडाने काही न म्हणता. राख काळी झाली, हात काळे झाले. पुजारी “अरे अरे” करत पुढे आला, रमाने त्याला हाताने थांबवलं. शालनने ओंजळीत पाणी घेऊन पिंडीवर ओतलं. पाण्याचे मणी झाले आणि घरंगळून गेले.

“काकू,” नंदकिशोर जवळ येऊन म्हणाला. “राहू द्या. आत मुरलंय ते. आता निघायचं नाही.”

“कवाच?”

त्याने झोळी खांद्यावर सरकवली. तिच्यातलं पितळी माप त्याने बाहेर काढलंच नव्हतं.

घरी पोचले तेव्हा ऊन उतरलं होतं. आनंदराव सकाळी उभा होता त्याच उंबऱ्यात बसला होता. तिघांचे चेहरे त्याने एकामागून एक पाहिले. नंदकिशोर आपल्या खोलीत गेला आणि दार लावून घेतलं.

“काय निघालं?”

“दोरा कमी पडला,” शालन म्हणाली.

आनंदराव ताडकन उठला. साडेतीन वर्षं ज्याने त्या दोऱ्याला “बायकांचं खूळ” म्हटलं होतं, तो दाराबाहेर जाऊन रस्त्याच्या टोकाकडे बघू लागला. शालनला ते बघवलं नाही. “कापल्याला हुता,” ती घाईने म्हणाली. “कुनी ते इचारू नगासा. कागद आना.”

तो आत गेला. ट्रंकेचं झाकण वाजलं. कागद आणून त्याने तिच्यासमोर पाटावर ठेवला, टाक आणि दौत ठेवली. शालनला लिहिता येत होतं, सावकाश. तिने कागदावरून बोट फिरवलं. रमाची जागा कोरी होती. आईची जागा कोरी होती. बापाची नव्हती. खाली तारीखही होती, चैत्रातली.

“आवं,” ती म्हणाली. “तुमी तर कवाच…”

“कागद आला त्याच दिशी,” आनंदराव भिंतीकडे बघत म्हणाला. “अठ्ठावीस वर्सं फौजंत काढली, शालन. त्या बर्फात ऱ्हायलेला मानूस…” त्याने दौत तिच्याकडे सरकवली. “तुझा सोमवार मोडू ने म्हनून बोललो न्हाई.”

शालनने सही केली. ‘शालन’ लिहिताना ‘न’ थोडा खाली घसरला. मग टाक रमाच्या हातात दिला आणि तिची सही होईपर्यंत तिच्या पाठीवर हात ठेवून बसली. हाताला अजून राखेचा आणि तुपाचा वास होता. सही झाल्यावर रमाने कपाळाकडे हात नेला. शालनने तो धरून खाली घेतला. “आज नगं,” ती म्हणाली. “आजचा दिस ऱ्हाऊ दे.”

दिवे लागले. श्रावणी सोमवारचा उपास संध्याकाळी सोडायचा असतो. शालनने भात लावला, वरण केलं, तीन पानं घेतली. पिंडीला लावायला नेलेली तुपाची वाटी झाकण न उघडताच परत आली होती. ती तिने किंचित गरम केली. अर्धं तूप आनंदरावाच्या भातावर वाढलं. उरलेलं सगळं रमाच्या पानात ओतलं, वाटी बोटाने निपटून.

“आत्या, तुमी बसा की.”

“तुमी जेवा.”

“आन् तुमचा उपास?”

शालनने आपलं पान उचललं आणि पालथं घातलं. “सुटला न्हाई अजून.”

“सोमवार सरला की, आत्या.”

“सरूं दे,” ती म्हणाली, आणि तांब्यातलं पाणी घेऊन अंगणात तुळशीपाशी दाराकडे तोंड करून बसली.